शब्दांची सोबत

बडोद्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचा एक कारखाना आहे. त्याच्या पॅकिंग विभागाच्या दाराशी एक सूचनाफलक असे. पावसाळ्यातल्या एका गुरुवारी त्या फलकावर इंग्रजीत टाइप केलेला कागद लागला. मजकूर जेमतेम दोन ओळींचा होता. आदल्या दिवशी मुसळधार पावसामुळे कामाचे दोन तास बुडाले होते. ते सर्वांनी शनिवारी भरून द्यावेत, एवढाच त्या ओळींचा आशय होता. ‘भरून देणे’ या अर्थी त्यात दोन छोटे शब्द वापरले होते : ‘मेक अप’.

त्या विभागात गोळ्यांची पाकिटे खोक्यांत भरण्याचे काम करणारी एक स्त्री तो कागद वाचण्यासाठी थांबली. तिचे वय अडतीस-एकोणचाळीस असेल. माहेर नंदुरबारकडच्या एका खेड्यात. सातवीनंतर शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन ती बडोद्यास आली. मराठी ती सफाईने वाचत असे. बडोद्यात राहून गुजरातीही बोलू लागली होती. इंग्रजीची मात्र तिला अक्षरओळख तेवढी होती. दुकानांच्या पाट्या, औषधांची नावे, खोक्यांवरच्या सूचना ती अक्षराला अक्षर जुळवून वाचत असे आणि हे आपल्याला जमते, याचा तिला मनातून आनंद वाटे. म्हणूनच त्या दिवशी तिने कोणालाही काही विचारले नाही. ‘ऑल’, ‘सॅटर्डे’ आणि ‘मेक अप’ एवढे शब्द तिला लागले. शनिवारी कोणी मोठे साहेब पाहणीस येणार आहेत, अशी कुजबुज विभागात चालूच होती. सर्वांनी शनिवारी मेकअप करून यावे, असा त्या कागदाचा अर्थ तिने लावला.

शनिवारी सकाळी ती लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी नेसली. मुलीची पावडर आणि लिपस्टिक तिने मागून घेतली. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा माळला. औषधांच्या कारखान्यात पावडर, लिपस्टिक, दागिने आणि फुले यांना मनाई असते. त्यांचा कण औषधात मिसळला तर रुग्णाला अपाय होऊ शकतो. हा नियम तिलाही ठाऊक होता. परंतु लेखी हुकूमच निघाला आहे, तेव्हा आजच्यापुरती सूट असेल, असे तिला वाटले. छापील शब्दावर तिचा तेवढा विश्वास होता.

दाराशी पर्यवेक्षकांनी तिच्याकडे पाहिले आणि विचारले, “आज कोणाचे लग्न आहे?” मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. कोणीतरी फलकावरच्या कागदाचा खरा अर्थ सांगितला, तेव्हा हसणे अधिकच वाढले. तिने नळावर जाऊन तोंड धुतले, गजरा काढून पिशवीत ठेवला, टोपी आणि अंगरखा चढवला आणि कामाला उभी राहिली. या साऱ्यात तिचा अर्धा तास गेला. तोही तिला पुढे भरून द्यावा लागला.

घरी मुलीने विचारले, तेव्हा “साहेब आलेच नाहीत,” एवढेच तिने सांगितले. मात्र त्या दिवसापासून तिने पाट्या वाचणे सोडले. बसमध्ये बसली की ती खिडकीबाहेर पाहत असे, पण दुकानांच्या नावांवर नजर ठरू देत नसे.

ही घटना तशी क्षुल्लक आहे. कोणाचे मोठे नुकसान झाले नाही, कोणी मुद्दाम अपमानही केला नाही. तरीही एका प्रौढ माणसाने स्वतःच्या बळावर मिळवलेली वाचनाची हौस त्या सकाळी मावळली. शिकू पाहणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही हानी कोणत्याही हजेरीपुस्तकात नोंदली जात नाही. म्हणूनच त्या स्त्रीचे नेमके काय चुकले, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

तिने ‘मेक अप’ ही अक्षरे बरोबर वाचली होती. त्या शब्दांचा तिला माहीत असलेला अर्थही खोटा नव्हता. मराठीत तो शब्द त्याच अर्थाने रुळला आहे. संदर्भाचा विचारही तिने केला होता. साहेब येणार, ही कुजबुज तिने जमेस धरली होती. अडचण एवढीच, की इंग्रजी भाषेत त्या दोन शब्दांचे अर्थ अनेक आहेत आणि त्यांपैकी एकच मराठीपर्यंत पोचला आहे.

त्याच वर्षी हिवाळ्यात मुलीच्या आग्रहावरून तिने मुक्त विद्यालयाचा दहावीचा अर्ज भरला. पाच वर्षांच्या मुदतीत एकेक विषय सोडवता येतो, हे कळल्यावर तिची भीती कमी झाली. रविवारी अभ्यासकेंद्रात शिकवायला एक निवृत्त शिक्षिका येत. इंग्रजीच्या तिसऱ्या की चौथ्या तासाला त्यांनी फळ्यावर काही क्रियापदे लिहिली. त्यांत ‘मेक अप’ होते. तिने वही मिटली.

“बाई, हे दोन शब्द सोडून बाकी काहीही शिकवा,” ती म्हणाली.

बाईंनी कारण विचारले. तिने सगळी हकिकत सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी सांत्वनही केले नाही. त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “ताई, ‘लागणे’ हे आपले क्रियापद घ्या. ते जिथे जिथे येते, अशी सुचतील तेवढी वाक्ये लिहून काढा.”

पहिली चार वाक्ये लिहायला तिला विचार करावा लागला; पुढची आपोआप येत गेली. भूक लागली. पायाला ठेच लागली. गवताला आग लागली. झाडाला आंबे लागले. मुलाला नोकरी लागली. परीक्षेचा निकाल लागला. दार लागले. डोळा लागला. बोलणे जिवाला लागले. दूध करपट लागले. गाव लागले. बस लागली. पाहुण्यांना साखर कमी लागते. ती नात्याने माझी मावशी लागते. पोरगा वाईट नादाला लागला, मग मार्गी लागला. पाऊस पडू लागला. घरी जावे लागले. कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या, तेव्हा बाईंनी तिला थांबवले.

“आता हे एखाद्या इंग्रजाला समजावून सांगा,” बाई म्हणाल्या. “बस लागली म्हणजे बस फलाटावर येऊन उभी राहिली, आणि बस लागली म्हणजे प्रवासात मळमळू लागले. शब्द तेच. तो बिचारा काय समजेल?”

त्यावर ती मोकळेपणी हसली. पावसाळ्यातल्या त्या शनिवारनंतर या विषयावर तिला प्रथमच हसू आले होते.

बाईंनी दाखवलेली ही गोष्ट नीट ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘लागणे’ या क्रियापदाचे वीस अर्थ मराठी माणूस कधी पाठ करत नाही. ते त्याला वेगवेगळे अर्थ वाटतही नाहीत. भुकेबरोबर, आगीबरोबर, निकालाबरोबर, नात्याबरोबर तो शब्द लहानपणापासून कानावर पडत असतो आणि सोबतीवरून त्याचा अर्थ मनात ठरत जातो. परक्या माणसाला मात्र हीच सोबत नवी असते. जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि दुसरी १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. त्या कोशात ‘लागणे’ या क्रियापदाचे अर्थ एकापाठोपाठ एक क्रमांक देत मांडावे लागले आहेत. मराठी बोलणारे मूल जे खेळता खेळता शिकते, ते परभाषकासाठी कोशात इतके विस्ताराने नोंदवावे लागते.

इंग्रजीची गोष्ट याच्या उलट बाजूने तीच आहे. सॅम्युअल जॉन्सन यांचा इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोश १७५५ साली लंडनमध्ये निघाला. त्याच्या प्रस्तावनेत त्यांनी या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. क्रियापदाच्या मागे एखादे लहानसे अव्यय जोडून त्याचा अर्थ पालटण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परभाषकांना सर्वांत मोठी अडचण तिचीच येते, असे त्यांनी नमूद केले होते. अशा क्रियापदांना आज ‘फ्रेजल व्हर्ब’ म्हणतात. हे नाव लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या पुस्तकामुळे रूढ झाले. त्यांना ते ऑक्सफर्ड कोशाचे एक संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवले होते. बडोद्याच्या कारखान्यात एका कामगार स्त्रीला अडलेली गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या कोशकारालाही अवघड म्हणून नोंदवावीशी वाटली होती, हे विसरता कामा नये.

आपल्याकडेही धातूचा अर्थ असा पालटण्याची जुनी रीत आहे. संस्कृतात ‘हृ’ या धातूपासून ‘हार’ असा शब्द तयार होतो. त्यामागे उपसर्ग न जोडता पुढे जोडतात, आणि आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात. आहाराने शरीर पोसते, प्रहाराने मोडते. मूळ धातू एकच. इंग्रजीने ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ असे शब्द धातूच्या पाठीमागे ठेवले, एवढाच फरक. शिवाय मराठीत क्रियापदाच्या मागे दुसरे क्रियापद येऊनही अशी छटा बदलते. पत्र लिहून दिले, लिहून घेतले, लिहून ठेवले, लिहून टाकले, लिहून काढले : यांतले प्रत्येक लिहिणे निराळे आहे आणि ते कोणत्याही मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

‘मेक अप’मधल्या ‘मेक’चा अर्थ करणे, घडवणे. ‘अप’चा मूळ अर्थ वर. पण इंग्रजीत क्रियापदाच्या मागे आलेले ‘अप’ पुष्कळदा क्रिया पुरी झाल्याचे दाखवते. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपवणे, ‘फिल अप’ म्हणजे काठोकाठ भरणे. मराठीतले ‘टाकणे’ किंवा ‘काढणे’ पुष्कळदा जे काम करते, तेच हे ‘अप’ करते. म्हणजे ‘मेक अप’च्या पोटात ‘जमवून, जुळवून पुरे करणे’ अशी एक कल्पना आहे. तिचा धागा धरून पुढे गेले, की निरनिराळे अर्थ तितके अनोळखी वाटत नाहीत.

कमी पडलेले पुरे करायचे असेल, तर ‘मेक अप’ म्हणजे भरून काढणे. उशिरा धावणारी गाडी वाटेत वेग वाढवून वेळ ‘मेक अप’ करते, असे रेल्वेचे कर्मचारी नेहमी म्हणतात. कारखान्याच्या फलकावरचा अर्थ हाच होता. निरनिराळे पदार्थ एकत्र करून वस्तू तयार करायची असेल, तर ‘मेक अप’ म्हणजे बनवणे. जुन्या दवाखान्यात कंपाउंडर डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे मिक्श्चर बनवून देत असे. ते औषध ‘मेक अप’ करणे होय. पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवणे, यालाही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. अकरा खेळाडू क्रिकेटचा एक संघ ‘मेक अप’ करतात, म्हणजे अकरा जणांचा मिळून एक संघ होतो. घडलेच नाही ते जुळवून सांगितले, तर ते कहाणी ‘मेक अप’ करणे, म्हणजे मनाने रचून सांगणे. दुभंगलेले मन एका ठिकाणी आणून निश्चय केला, तर ते ‘मेक अप युअर माइंड’. दोन भावांतले भांडण मिटून ते पुन्हा बोलू लागले, तर ‘दे मेड अप’, म्हणजे त्यांचे पुन्हा जुळले.

चेहऱ्याचा मेकअप या मंडळींत नाटकाच्या वाटेने आला. नटाने रंग, केस, वेश यांची जुळवाजुळव करून भूमिका सजवायची, हे त्याचे ‘मेक अप’ करणे. पुढे त्यातला चेहऱ्याच्या रंगाचा भाग तेवढा घरोघरी पोचला. मराठी रंगभूमीने त्याला ‘रंगभूषा’ हा सुंदर शब्द दिला; पण रोजच्या बोलण्यात मेकअपच राहिला. छापखान्यातही हा शब्द होता. जुळवलेला मजकूर, मथळे आणि चित्रे मांडून वृत्तपत्राचे पान तयार करणे, याला इंग्रजीत ‘मेक अप’ म्हणत. मराठी छापखान्यांत त्यालाच ‘पान लावणे’ म्हणत. जिथे इंग्रजीला ‘मेक अप’ सुचले, तिथे मराठीला ‘लागणे’चेच भावंड सुचले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे.

तथापि एवढे अर्थ पाठ केले, म्हणजे क्रियापद वापरता आले, असे होत नाही. बाईंनी तिला अर्थांची यादी घोकू दिली नाही. प्रत्येक वाक्यात या क्रियापदाची सोबत कोण करते, तेवढे पाहायला त्यांनी शिकवले. सोबत वेळेची किंवा तासांची असेल, तर अर्थ भरून काढणे. गोष्टीची किंवा सबबीची असेल, तर रचून सांगणे. मनाची असेल, तर निश्चय करणे. मागे ‘विथ’ येऊन माणसाचे नाव आले, तर भांडण मिटवणे. फलकावरच्या त्या ओळीत ‘टू अवर्स’ हे शब्द ‘मेक अप’च्या लगेच पुढे होते. त्या दिवशी तिची नजर तेवढ्या दोन शब्दांवर थांबली असती, तर पुढचे सारे टळले असते.

वापरताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नामाऐवजी सर्वनाम आले, तर ते दोन शब्दांच्या मध्ये बसते. ‘मेक इट अप’ म्हणतात, ‘मेक अप इट’ म्हणत नाहीत. दुसरी गोष्ट उच्चाराची. चेहऱ्याचा मेकअप हे नाम आहे. ते जोडून किंवा मध्ये छोटी रेघ देऊन लिहितात आणि त्याचा आघात ‘मेक’वर असतो. क्रियापद असेल, तेव्हा दोन्ही शब्द सुटे लिहितात आणि जोर ‘अप’वर येतो. फलकावर ते सुटे लिहिलेले होते. वाचणाऱ्याला खूण तिथेच होती. पण ती खूण आहे, हे त्याला आधी कोणीतरी सांगितलेले असावे लागते.

एका रविवारी तिने बाईंना विचारले, “तास मेक अप करतात. मग सातवीनंतरची वर्षेही मेक अप करता येतात का?”

बाई थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “तिथे मागे ‘फॉर’ जोडतात. तासाच्या बदल्यात तास देता येतो. गेलेल्या वर्षांच्या बदल्यात तीच वर्षे देता येत नाहीत. म्हणून ती तशीच राहतात आणि त्यांच्यासमोर दुसरे काहीतरी ठेवावे लागते. तराजूच्या दुसऱ्या पारड्यात ठेवतात, तसे. त्या ठेवण्याला ‘मेक अप फॉर’ म्हणतात.”

तिने ते वहीत लिहून घेतले आणि ‘फॉर’ या शब्दाखाली रेघ ओढली.

पुढच्या वर्षी तिचा इंग्रजीचा पेपर कामाच्या दिवशी आला. रजा हवी होती. आजवर ती तोंडी सांगून किंवा कोणाकडून तरी गुजरातीत लिहून घेऊन रजा मागत असे. या वेळी रात्री स्वयंपाकघर आवरल्यावर तिने स्वतः इंग्रजीत अर्ज लिहिला. सगळा अर्ज चार वाक्यांचा. शेवटचे वाक्य होते, ‘आय विल मेक अप द अवर्स ऑन सॅटर्डे’. हे वाक्य तिने आधी दोनदा कच्चे लिहिले. ‘मेक’ आणि ‘अप’ यांच्यामध्ये पुरेशी जागा सुटली आहे, हे पाहिले. मागे ‘फॉर’ जोडायचे नाही, कारण बदल्यात तासच द्यायचे आहेत, हेही तिने मनाशी ताडून घेतले. मुलगी जागी होती; पण तिला तो दाखवावा, असे तिला वाटले नाही.

सकाळी पर्यवेक्षकांनी अर्ज हाती घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, सही केली आणि इतर कागदांबरोबर ठेवून दिला. ते काहीच बोलले नाहीत. हसावे किंवा कौतुक करावे, असे त्या कागदात त्यांना काही दिसले नाही. रजेच्या कोणत्याही अर्जासारखा तो एक अर्ज होता.

ती आपल्या जागेवर गेली. संध्याकाळी परतताना बस नेहमीच्या रस्त्याने निघाली, तेव्हा खिडकीशी बसून ती दुकानांच्या पाट्या वाचत होती.